नावामागचा गुरू

आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात जुन्या चित्रगीतांचा एक तरुण वेडा आहे. सूर कानी पडताच तो चित्रपट, साल, गायक सांगून मोकळा होतो. परवा एका लग्नात ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ वाजले. ‘हा अँथनी कोण रे?’ मी विचारले. ‘अमिताभ, फादर!’ तो नाचता नाचताच उत्तरला.

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील हे गीत किशोरकुमारांनी मोठ्या झोकात गायिले आहे. परंतु ते नाव आहे संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे. माजोर्ड्याच्या या गोवेकराने हिंदी चित्रगीतांचे वाद्यवृंद-संयोजन केले आणि १९५८ साली मुंबईत भारतीय राग सिंफनीत गुंफले. पडद्यावर मात्र त्या नावाचा माणूस दारूचा गुत्ता चालवितो! शिष्याने गुरुवंदना केली. पटकथेने आपला ठरीव ख्रिस्ती विदूषक उभा केला. गाण्याची गंमत निर्विवाद असली, तरी त्यातील कृतज्ञता प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, हे त्याचे उणेपण होय.

ही हकीकत मी त्या तरुणाला सांगितली. पुढच्या सरावाला त्याने विचारले, ‘फादर, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझाही आपलेच ना?’