‘ऑब्जेक्ट प्रथम’ : एका पाठ्यपुस्तकाचा विचार

नवशिक्या विद्यार्थ्याला जावा शिकवू लागले, की पडद्यावर एक ओळ उमटविण्यासाठीही ‘पब्लिक’, ‘स्टॅटिक’, ‘व्हॉइड’ हे शब्द अर्थ न कळता गिरवावे लागत. ‘पुढे कळेल’ एवढेच अध्यापकाचे उत्तर असे. (२०२५ साली आलेल्या जावा २५ ने ही सक्ती पहिल्या आज्ञावलीपुरती दूर केली, हे येथे नमूद केले पाहिजे.) डेव्हिड बार्न्स आणि मायकेल कोलिंग यांच्या ‘ऑब्जेक्ट्स फर्स्ट विथ जावा’ या पाठ्यपुस्तकाने हा मंत्रपाठ फार पूर्वीच टाळला. ब्लूजे या साधनात विद्यार्थी प्रथम ऑब्जेक्ट निर्माण करतो, त्याला आज्ञा देतो आणि त्याच्या अवस्थेत होणारा बदल पाहतो. लेखन मागाहून येते.

ग्रंथातील घड्याळाचे उदाहरण विशेष मार्मिक आहे. तास व मिनिटे दाखविणारे दोन ऑब्जेक्ट एकाच क्लासचे. एकाची मर्यादा २४, दुसऱ्याची ६०. मिनिटे शून्यावर आली, की तास एकाने पुढे सरकतो. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतील भेद एरवी व्याख्येत अडकून पडतो. येथे तो डोळ्यांना दिसतो.

तिकीटयंत्राचे उदाहरण मात्र ग्रंथाच्या शीर्षकावरच प्रश्नचिन्ह उभे करते. पहिले यंत्र पैसे न तपासताच तिकीट देते. त्याला शहाणपण येते, ते ‘जर–अन्यथा’ या जुन्याच रचनेने. म्हणजे ‘प्रथम’ हा शब्द परिचयाच्या क्रमापुरताच खरा. अटी आणि आवर्तने यांचे शिक्षण त्याने टळत नाही. शिवाय माउसने आज्ञा देण्याची सवय जडलेल्या विद्यार्थ्याला आज्ञावली सुरू कोठून होते, हा साधा प्रश्न बराच काळ पडतच नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०११ साली प्रारंभिक अभ्यासक्रमातून ही पद्धती वगळली, याचा दाखला विरोधक देतात. परंतु ती विभागक्षमतेला व समांतर गणनेला प्रतिकूल आहे, हा तेथील आक्षेप प्रौढ आज्ञावलींच्या रचनेसंबंधी होता. नवशिक्याला काय समजते, हा प्रश्न निराळा, आणि त्याचा निकाल त्या आक्षेपाने लागत नाही.

खरी कसोटी अन्यत्र आहे. एका नावाची किंमत दुसऱ्या नावाला दिली, तर पूर्णांकाची प्रत होते; ऑब्जेक्टच्या बाबतीत मात्र दोन नावे एकाच वस्तूकडे बोट दाखवितात. एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावाने पाहताना दिसला, की विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. घड्याळाच्या प्रकरणात बाणांच्या आकृत्या आहेत. पण जेथे सर्वाधिक रेंगाळावयास हवे, तेथून लेखकद्वय लगबगीने पुढे जाते. ते रेंगाळणे अध्यापकालाच, खडू हाती घेऊन, करावे लागते.