शब्द आधी, हात मागून: 'अमेरिकन अलोहा' बघताना

हुला म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गवताचा झगा, गळ्यात फुलांची माळ, मागे समुद्र. हे चित्र आपोआप तयार झालेलं नाही. वायकिकीत रात्रीच्या कार्यक्रमांचे फोटो पर्यटकांना नीट काढता येत नव्हते, म्हणून 1937मध्ये तिथे दिवसाउजेडी 'कोडॅक हुला शो' सुरू झाला. तो 2002पर्यंत चालला. कॅमेऱ्याच्या सोयीने बेतलेला नाच जगाला 'हवाई' म्हणून माहीत झाला.

लिसेट मेरी फ्लॅनरी आणि एव्हान सीबेन्स यांचा 'अमेरिकन अलोहा: हुला बियॉन्ड हवाई' हा 2003चा माहितीपट या चित्राच्या नादी लागत नाही. तो आपल्याला कॅलिफोर्नियात नेतो. घरांच्या किमती आणि कामधंदा यांमुळे कितीतरी हवाईयन कुटुंबांनी बेटं सोडली. 2020च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन लोक हवाईबाहेर राहतात. त्यामुळे दूर शिकवला जाणारा हुला हा आता हौशी लोकांचा छंदवर्ग उरलेला नाही.

फिल्ममध्ये तीन 'कुमू', म्हणजे गुरू आहेत. सिसी काइओ परंपरेला धरून शिकवतात. मार्क केआलिई होओमालू यांच्या गायनाची ढब अगदी स्वतःची. डिस्नेच्या 'लिलो अँड स्टिच'मधला आवाज त्यांचाच. सॅन फ्रान्सिस्कोचे पॅट्रिक माकुआकाने हुलाला पॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड देतात, आणि 'द नेटिव्ह्ज आर रेस्टलेस'मध्ये मिशनऱ्यांचा आणि बळकावलेल्या राज्याचा इतिहास रंगमंचावर आणतात. 2023मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

फिल्म या तिघांना एकाच पट्टीवर बसवते: एका टोकाला पारंपरिक, दुसऱ्या टोकाला आधुनिक. ही पट्टीच मला खटकली. हुलात शब्द आधी येतो, हात मागून. 'मेले', म्हणजे गीत किंवा स्तोत्र, नसेल तर हातांनी सांगायचं काय? वंशावळी, ठिकाणं, वारा-पावसाची नावं शतकानुशतकं याच मेलेंमधून तोंडी जपली गेली. 1830मध्ये राणी काआहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआने 1883च्या राज्याभिषेकात त्याला पुन्हा मानाने उभं केलं. पुढे 1893मध्ये राज्यच उलथवलं गेलं आणि 1896च्या कायद्याने शाळेत इंग्रजी सक्तीची झाली. घाव बसला तो शब्दावर.

मग गुरूला विचारायचा प्रश्न वेगळा होतो. संगीत कुठलं वापरलं, हे दुय्यम. शिष्याला शब्दाचा अर्थ कळला का? हे मेले कोणासाठी रचलं, कोणाकडून आपल्यापर्यंत आलं, हे त्याला सांगता येतं का? आमच्या धंद्यात कोड कॉपी करायला दोन सेकंद लागतात, तो तसा का लिहिलाय हे समजायला महिने जातात. अर्थ समजून इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर नाचणारा शिष्य मला गवती झग्यातल्या फोटोपेक्षा परंपरेच्या जास्त जवळचा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरात मराठी मंडळी गणपती बसवतात, म्हणून तुलनेचा मोह होतो. पण ती अर्ध्यावर तुटते. तिकडच्या मुलांचं मराठी सुटलं, तरी इकडे कोट्यवधी लोक ते बोलत राहतात. हवाईयन भाषेची वीण घरातच उसवली गेली होती. अशा वेळी परक्या शहरातल्या हॉलमध्ये नीट उच्चारलेला एक शब्दही मूळ घराला टेकू देतो.

म्हणूनच फिल्मबद्दल तक्रार आहे. तासाभरात तीन गुरू फार झाले. त्यापेक्षा एकच मेले घेऊन, ओळीमागून ओळ ते कसं उतरतं हे दाखवलं असतं, तर मोठं काम झालं असतं. तरी बघाच. फक्त हातांकडे बघताना कान शब्दांवर ठेवा.