वरपक्षाचं चॅनल

मुलगा कसा आहे हे मुलाच्या आईला विचारू नये, एवढं शहाणपण आपल्याकडे लग्न जुळवणाऱ्या कुणालाही असतं. ‘शांत आहे हो स्वभावानं’ म्हणजे बोलतच नाही, ‘जरा लाडात वाढलाय’ म्हणजे जेवल्यावर ताट उचलत नाही, ही भाषांतरं आपण तोंडपाठ करून ठेवलेली असतात. अमेरिकेत मात्र लोकांनी हे शहाणपण राजीखुशीनं गुंडाळून ठेवलं, आणि वर त्यासाठी दरमहा पैसे मोजले. मी त्यांच्या प्रादेशिक क्रीडा-चॅनल्सबद्दल बोलतोय. त्यातलं मी सर्वांत जास्त पाहिलेलं म्हणजे न्यूयॉर्कचं ‘येस नेटवर्क’. आमचे चिरंजीव न्यू जर्सीत. आम्ही उभयता दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात त्यांच्याकडे. दिवसभर घर रिकामं, मोटार चालवता येत नाही, पायी जावं तर कुठं जावं हा प्रश्न, आणि रिमोट हाताशी. समीक्षक व्हायला याहून वेगळी पात्रता लागते असं मला वाटत नाही.

‘येस’ म्हणजे होकार नव्हे. ‘यांकीज एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स’ याची ती आद्याक्षरं. यांकीज हा न्यूयॉर्कचा बेसबॉलचा संघ, आणि चॅनलच्या मालकीत संघाच्या मालकांचाच वाटा. म्हणजे खेळणारे त्यांचे, दाखवणारे त्यांचे आणि ‘काय सुरेख खेळले!’ म्हणणारेही त्यांचेच.

पूर्वी असं नव्हतं. मॅनहॅटनमधल्या उंच इमारतींमुळे अँटेनावर चित्र धड दिसेना, म्हणून चार्ल्स डोलन नावाच्या गृहस्थांनी जमिनीखालून तारा टाकून चित्र घरोघर पोचवायचा धंदा काढला होता. १९६९ साली त्या तारांतून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले सामने दिसू लागले. त्यातूनच पुढे ‘एमएसजी’ हे चॅनल वाढलं. १९८८ साली या एमएसजीनं यांकीजचे सामने दाखवायचे हक्क बारा वर्षांसाठी घेतले, जवळजवळ पन्नास कोटी डॉलर देऊन. तेव्हा संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर खूश झाले असणारच. पण दूध घालणाऱ्याला एक दिवस दिसतं, की आपल्याच दुधाचे पेढे करणारा माडीवर माडी चढवतोय, आणि मग त्याला झोप येत नाही. बोस्टनच्या रेड सॉक्स संघानं ‘नेसन’ हे घरचं चॅनल १९८४ सालीच काढलेलं होतं. न्यूयॉर्कचं ‘येस’ सुरू झालं १९ मार्च २००२ रोजी.

आता गंमत पाहा. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या सुमारे तीस लाख घरांत केबल पोचवणारी कंपनी म्हणजे केबलव्हिजन. ती डोलन यांची. एमएसजीही तोवर त्यांच्याच घरात आलेलं. म्हणजे ज्याच्या हातून पेढ्याचं दूध गेलं, त्याच्याच दुकानात नव्या पेढेवाल्यानं आपली बरणी मांडायला जागा मागितली! व्हायचं तेच झालं. २००२ चा अख्खा मोसम केबलव्हिजनच्या घरांत यांकीज दिसले नाहीत. केबलवाले म्हणत, ज्याला हवं त्यानं वेगळे पैसे देऊन घ्यावं. येसवाले म्हणत, छे, घरटी साधारण दोन डॉलर द्या, बघणारा असो वा नसो. मार्च २००३ मध्ये, नव्या मोसमाच्या तोंडावर, कशीबशी तडजोड झाली.

त्या उन्हाळ्याबद्दल मला चिरंजीवांच्या शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं. वय ऐंशीच्या पुढं, घरात एकटे. रोज संध्याकाळी सात वाजता वही घेऊन टीव्हीपुढं बसायचे आणि प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीनं करायचे. त्या वर्षी त्यांची वही रेडिओवरून भरली. तक्रारीचा सूर नव्हता, पण वही मात्र त्यांनी मुद्दाम आत जाऊन आणून दाखवली. दोन कोट्यधीशांच्या भांडणात तिसऱ्याच कुणाची तरी संध्याकाळ जाते, हे बिलावर कुठं छापलेलं नसतं. बेसबॉलचा संघ मोसमात १६२ सामने खेळतो. सहा महिने, जवळजवळ रोज. एकट्या माणसाच्या घरात इतक्या नेमानं येणारं दुसरं कोण असतं? मुलंसुद्धा नाताळला येतात.

सामने सोडले तर उरलेला दिवस भरायचा कसा, हा अशा चॅनलपुढचा मोठा पेच. येसनं तो नव्या नवरीच्या सासूसारखा सोडवला: जुने फोटो काढून. ‘यांकीओग्राफी’ या मालिकेत एकेका खेळाडूचं चरित्र सांगतात. तिथं सगळ्यांचं बालपण कष्टात, तारुण्य पराक्रमात आणि म्हातारपण कृतज्ञतेत जातं. आपल्याकडच्या गौरवग्रंथांची ज्यांना सवय आहे, त्यांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल. ‘यांकीज क्लासिक्स’मध्ये जुने सामने पुन्हा दाखवतात. मी तीन उन्हाळे पाहिले. यांकीज हरलेला एकही सामना माझ्या वाट्याला आला नाही. २००४ साली याच संघानं बोस्टनविरुद्ध तीन-शून्य अशी आघाडी घेऊन पुढचे चारही सामने घालवले. असा पराक्रम बेसबॉलच्या इतिहासात त्याआधी कुणी केला नव्हता. माझ्या मते अभिजात म्हणतात ते हेच! पण ते पाहायचं तर बोस्टनच्या मांडवात जायला हवं.

सर्वांत अजब प्रकार म्हणजे टीव्हीवर दाखवलेला रेडिओ. ‘माइक अँड द मॅड डॉग’ हा आकाशवाणीचा कार्यक्रम येसनं पहिल्या वर्षापासून कॅमेरा लावून तसाच दाखवला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दोन पुरुष कानाला यंत्रं लावून एकमेकांवर ओरडताहेत, एवढंच दृश्य. गंमत अशी, की चॅनलवरचा सर्वांत प्रामाणिक कार्यक्रम तोच होता. ते दोघे संघाचे नोकर नव्हते. भलता खेळाडू घेतला की मालकाच्याच चॅनलवर मालकाची सालटी काढत.

समालोचक मायकेल के मूळचे वर्तमानपत्री वार्ताहर. चेंडू मैदानाबाहेर गेला की त्याला ‘सी या!’ म्हणून निरोप द्यायची त्यांची लकब. माणूस वाईट नाही, पण आवाजात लग्नघर आहे. मला आवडले ते डेव्हिड कोन. हे स्वतः यांकीजचे गोलंदाज होते, १९९९ साली त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या एकाही फलंदाजाला पहिल्या तळापर्यंतसुद्धा पोचू दिलं नव्हतं. आता तेच गोलंदाजाची बोटं चेंडूवर कुठं आहेत, मनगट कधी वळलं, हे अशा शांतपणे सांगतात, की ज्याला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, त्या मलाही तिसऱ्या आठवड्यात चेंडू खाली पडणार हे आधी कळू लागलं. आपल्या गोलंदाजाचं चुकलं तर चुकलं म्हणतात. घरच्या माणसानं खरं बोलावं कसं, याचा एवढाच नमुना तिथं आहे, आणि तो रोज आहे.

बिचाऱ्या चॅनलचं दुःखही सांगायला हवं. सहा महिने मांडव यांनी सांभाळायचा आणि ऑक्टोबरात अजिंक्यपदाचा मुहूर्त आला, की कॅमेरे राष्ट्रीय चॅनलवाल्यांचे! २००९ साली यांकीजनी सत्ताविसावं अजिंक्यपद मिळवलं, ते फॉक्सवर. २०२४ साली डॉजर्सविरुद्ध शेवटच्या सामन्यात पाच-शून्य आघाडी एका डावात झेल सोडून आणि भलतीकडे चेंडू फेकून घालवली, तीही फॉक्सवरच. दुसऱ्या वेळी येसच्या मंडळींना आपल्याकडे कॅमेरे नव्हते याचं फारसं वाईट वाटलं नसावं.

देशातल्या बाकीच्या प्रादेशिक चॅनल्सची कथा मात्र हसण्यासारखी नाही. फॉक्सची अशी एकवीस चॅनल्स २०१९ साली सिंक्लेअर कंपनीनं सुमारे दहा अब्ज डॉलरना घेतली, बरीचशी कर्ज काढून. २०२१ मध्ये त्यांना ‘बॅलीज’ या जुगारघराच्या कंपनीचं नाव दिलं, मार्च २०२३ मध्ये दिवाळं जाहीर झालं, आणि २०२४ मध्ये पाटी बदलून ‘फॅनड्युएल’ या पैजा घेणाऱ्या कंपनीची लावली. देवळाच्या ओसरीवर मटक्याचा आकडा लिहावा तसं. कारण साधं होतं: लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. न बघणारे गेले, आणि धंदा उभा होता तो त्यांच्याच पैशांवर.

चिरंजीवांच्या केबलच्या बिलात ‘प्रादेशिक क्रीडा शुल्क’ अशी एक वेगळी ओळ असे. सूनबाईनं आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही. ती ओळ दाखवून ती म्हणायची, “बाबा, यात त्या पिचरच्या पगारातला किती माझा?” मी हिशेब करू लागलो की चिरंजीव विषय बदलत.

२०२३ साली येसनं स्वतःच केबलशिवाय, थेट इंटरनेटवरून चॅनल विकायला काढलं. ज्याला हवं त्यानं पैसे देऊन घ्यावं, हे २००२ साली केबलवाले म्हणत होते तेच! फरक एवढाच, की घरटी दोन डॉलरच्या जागी बघणाऱ्याला महिना २४ डॉलर ९९ सेंट. सूनबाईनं लगोलग केबल तोडली. “तुमच्यासाठी ते एकटं चॅनल घेऊ का?” तिनं विचारलं. तीन महिन्यांचे पंचाहत्तर डॉलर. मी मानेनं हो म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.नं त्याचे रुपये करून सांगितले.