गांजाच्या कायदेशीरतेचे अर्थकारण : पारनेर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकर क्षेत्रात गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. शेतमालाला भाव मिळत नाही, गांजाला मात्र बाजारात चांगला भाव आहे, असे कारण त्याने दिले होते. पोलिसांनी हा प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार मानला. तथापि त्या अर्जात मांडलेला युक्तिवाद केवळ एका व्यक्तीचा नाही. गांजा कायदेशीर केल्यास शेतकऱ्याला उत्पन्न आणि शासनाला महसूल मिळेल, असे प्रतिपादन अलीकडच्या काळात अनेक स्तरांवर केले जाते. त्याच्या विरोधात कुटुंबाची होणारी आर्थिक हानी पुढे केली जाते.

पारनेर तालुक्याच्या दृष्टीने या वादाला दुहेरी संदर्भ आहे. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे, त्यांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचा समावेश होता. दुसरीकडे, व्यसनमुक्तीला ग्रामविकासाचा पाया मानणारे राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे. या पार्श्वभूमीवर, दोन्ही बाजूंच्या आर्थिक युक्तिवादांत नेमका कोणाचा लाभ आणि कोणाचा खर्च मोजला जातो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१८९४ चा अहवाल आणि शेतकऱ्याचे स्थान :

कायदेशीरतेचे समर्थक ज्या दस्तऐवजाचा आवर्जून आधार घेतात, तो म्हणजे भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाचा अहवाल. ब्रिटिश संसदेत उपस्थित झालेल्या प्रश्नानंतर १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमण्यात आला. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे गंभीर हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि संपूर्ण बंदीची शिफारस नाकारली. बंदी घातल्यास लोक अधिक घातक मादक पदार्थांकडे वळतील, हेही आयोगाने विचारात घेतले होते.

अहवालाचा हा भाग वारंवार सांगितला जातो. त्याच्या शिफारशींचा दुसरा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. परवान्याशिवाय लागवड होऊ देऊ नये, लागवड ठरावीक क्षेत्रात एकवटावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी आणि पुरेसा कर आकारावा, असे आयोगाचे म्हणणे होते. बंगालमधील नौगाव परिसरातील नियंत्रित लागवडीची व्यवस्था त्यासाठी आदर्श मानण्यात आली. याचा अर्थ असा की, ज्या काळात गांजा कायदेशीर होता त्या काळातही शासनाचे धोरण लागवड पसरवण्याचे नसून आक्रसण्याचे होते. या अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी सरकारी तिजोरी होती. शेतकरी त्यात देखरेखीचा विषय म्हणून येतो, लाभधारक म्हणून नव्हे. कायदेशीरता आणि शेतकऱ्याची समृद्धी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या अहवालाच्या वाचनातून स्पष्ट होते.

समर्थनाचा युक्तिवाद आणि भावाचा प्रश्न :

आधुनिक काळात या विषयाची आर्थिक मांडणी अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेफ्री मायरन यांनी २००५ मध्ये केली. बंदी उठवल्यास अंमलबजावणीवरील वर्षाला ७.७ अब्ज डॉलरचा खर्च वाचेल आणि दारू-तंबाखूप्रमाणे कर लावल्यास ६.२ अब्ज डॉलर महसूल मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. मिल्टन फ्रीडमन यांच्यासह पाचशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी यावर खुल्या चर्चेची मागणी केली. ही मांडणी शासनाच्या जमाखर्चापुरती सुसंगत आहे. परंतु मोहोळच्या अर्जातील शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

गांजाला आज जो भाव मिळतो, त्यात उत्पादनखर्चाचा वाटा अल्प असतो. पकडले जाण्याची भीती, चोरटी वाहतूक आणि मध्यस्थांची जोखीम यांचा मोबदला त्यात प्रामुख्याने समाविष्ट असतो. म्हणजेच हा भाव पिकाचा नसून बंदीचा आहे. बंदी उठताच तो कोसळणे क्रमप्राप्त ठरते. कॅलिफोर्नियाच्या संदर्भात रँड या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात करपूर्व किरकोळ भाव ८० टक्क्यांहून अधिक घसरू शकेल, असे भाकीत केले होते. ओरेगन राज्यात परवानाधारकांच्या अतिरिक्त उत्पादनामुळे नवीन परवाने रोखण्याची तरतूद २०१९ मध्ये करावी लागली. कोलोराडो राज्यात २०१४ पासून खुली विक्री सुरू झाली. तेथील गांजावरील कराचे उत्पन्न २०२१ मध्ये उच्चांक गाठून नंतर घटत गेले.

पारनेरच्या शेतकऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कांद्याचे क्षेत्र वाढले की भाव पडतो आणि भाव चढला की शासन हस्तक्षेप करते, हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेली कांद्याची निर्यातबंदी मे २०२४ पर्यंत कायम होती. जो शेतकरी कांद्याच्या भावातील अनिश्चिततेने ग्रासलेला आहे, त्याच्यासाठी कायदेशीर गांजा हे आणखी एक अनिश्चित पीकच ठरेल.

भारतातील अफूच्या परवाना-शेतीचे उदाहरण यासंदर्भात महत्त्वाचे आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत केंद्र शासनाच्या परवान्याने अफू पिकवली जाते. क्षेत्र शासन ठरवते, भाव शासन ठरवते, संपूर्ण उत्पादन शासनालाच द्यावे लागते आणि ठरवून दिलेले निकष पूर्ण न झाल्यास परवाना जातो. गांजाबाबत असेच प्रारूप आले, तर कोरडवाहू अल्पभूधारकाला त्यात कितपत स्थान मिळेल, हा प्रश्न समर्थकांनी अद्याप गांभीर्याने विचारात घेतलेला नाही.

नशारहित औद्योगिक हेंपविषयीही हीच सावधगिरी हवी. उत्तराखंडने २०१८ पासून अशा लागवडीला परवाने देण्यास प्रारंभ केला आणि हिमाचल प्रदेश विधानसभेने २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु दख्खनच्या पठारावर दोरखंड आणि कासऱ्यासाठी अंबाडी व ताग पूर्वापार पिकत होते. त्यांच्यावर कोणतीही बंदी नव्हती. तरीही नायलॉन आणि प्लॅस्टिकचे दोर आल्यावर ती पिके मागे पडली. धाग्याच्या पिकाचे भवितव्य परवान्यापेक्षा जवळच्या प्रक्रिया उद्योगावर आणि खात्रीच्या खरेदीदारावर अवलंबून असते.

विरोधाच्या युक्तिवादाची मर्यादा :

विरोधकांची आर्थिक बाजू पारनेर तालुक्यात सर्वाधिक प्रभावीपणे मांडली गेली आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीत परतल्यानंतर तेथे दारूबंदी, श्रमदान आणि पाणलोट विकास यांची सांगड घातली गेली. व्यसनात जाणारा पैसा आणि श्रमाचे दिवस कुटुंबाकडे व शेतीकडे वळवणे, हे त्यामागील अर्थशास्त्र होते. महसुलाच्या कोणत्याही आकडेवारीत हा लाभ दिसत नाही. त्याची नोंद घरातील स्त्रीच्या हातात उरणाऱ्या पैशात होते. कायदेशीरतेच्या समर्थकांनी हा मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे.

तथापि या उदाहरणाचे सरसकटीकरण करता येत नाही. राळेगणची बंदी गावाच्या संमतीवर आणि कठोर सामाजिक धाकावर उभी होती. मद्यपींना खांबाला बांधून शिक्षा देण्याच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. गावाच्या पातळीवर जे साधते ते राज्याच्या पातळीवर साधतेच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. अवैध दारू आणि गुन्हेगारीतील वाढ ही त्यासाठी दिलेली कारणे होती.

गांजाबंदीचा खर्चही विरोधक क्वचितच मोजतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार १ किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण मानला जातो आणि तो बाळगल्यास १ वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. लागवडीसाठी मात्र झाडांच्या संख्येचा विचार न करता १० वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्याच्या व्याख्येतून शेंड्याविरहित पाने वगळलेली असल्याने भांग तिच्या बाहेर राहते. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार सुमारे २.२ कोटी लोक भांग, तर सुमारे १.३ कोटी लोक गांजा किंवा चरस सेवन करतात. एकाच झाडाच्या पानाला मुभा आणि शेंड्याला तुरुंग, ही विभागणी आर्थिक तर्कावर टिकत नाही. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांवरील खर्च, तसेच कमावता माणूस तुरुंगात गेल्याने कुटुंबावर येणारा भार हाही बंदीच्या जमाखर्चाचा भाग मानला पाहिजे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, दोन्ही बाजू अर्धाच हिशोब मांडतात. समर्थक महसूल मोजतात आणि तो शेतकऱ्याच्या नावावर दाखवतात. विरोधक कुटुंबाची हानी मोजतात, परंतु शिक्षेमुळे होणारी हानी त्यातून वगळतात. अल्प प्रमाणातील सेवनाला गुन्ह्याऐवजी आरोग्याचा प्रश्न मानणे आणि लागवडीच्या शिक्षेत प्रमाणानुसार भेद करणे, या सुधारणांचे समर्थन आर्थिक तसेच मानवी दृष्टीने करता येईल. त्यासाठी शेतकऱ्याला समृद्धीचे आश्वासन देण्याची गरज नाही.

मोहोळच्या अर्जाकडे या दृष्टीने पुन्हा पाहणे उचित ठरेल. त्यातील मागणी गांजाची असली, तरी तक्रार शेतमालाच्या भावाची होती. मागणी फेटाळल्याने तक्रारीचे उत्तर मिळाले नाही; आणि मागणी मान्य झाली असती, तरीही ते मिळाले नसते. कांदा, दूध आणि ज्वारी यांच्या उत्पादकाला खर्चावर आधारित खात्रीचा भाव मिळत नाही, तोवर असे अर्ज येत राहतील. गांजाच्या कायदेशीरतेची चर्चा अवश्य व्हावी. परंतु शेतीच्या अरिष्टावरील उपाय म्हणून ती पुढे करणे हे मूळ प्रश्नापासून दूर नेणारे आहे.