मनिऑर्डर, मुलगा आणि मराठी कादंबरी

मुलास महाविद्यालयांत घालणें हें मध्यम स्थितींतील मराठी कुटुंबाच्या संसारांतलें एक मोठें कार्य होऊन बसलें आहे. लग्नमुंजीप्रमाणें त्याची तयारी होते, लग्नमुंजीप्रमाणें त्यास कर्ज काढावें लागतें, आणि तें एकदां पार पडलें म्हणजे आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलगा वसतिगृहांत गेला, आतां पुढचें तो पाहील! परंतु तो काय पाहतो, कसा पाहतो, आणि तीनचार वर्षांनीं जो परत येतो तो आपल्या पायांवर उभा राहिलेला माणूस असतो कीं नुसता पदवीधर मुलगा असतो, याची विचारपूस आपण फारशी करीत नाहीं. १८७५ च्या कायद्यानें आपल्याकडे अठरा वर्षें पुरीं होतांच माणूस सज्ञान ठरतो. कायद्याचें हें काम एका रात्रींत होतें; माणसाचें तसें होत नाहीं.

विद्यार्थिदशेपासून स्वतंत्र संसारापर्यंतच्या या वाटचालीचें चित्र मराठी वाङ्मयांत कितपत उमटलें आहे, हें एकदां पाहावें असें पुष्कळ दिवस माझ्या मनांत होतें. त्यासाठीं मीं एक साधी कसोटी घेतली. नायकाची फी कोण भरतो, आणि त्या पैशाचा भार त्याच्या मनावर कोठें जाणवतो कीं नाहीं? ही कसोटी खतावणीची आहे, रसिकाची नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु परावलंबी तरुणाच्या आयुष्यांत पैसा हा नुसता पैसा नसतो. बापाचा विश्वास, बापाची सत्ता, घरच्यांची आशा आणि स्वतःची लाज हीं सारीं त्या एका रकमेबरोबर येतात. तो भाग ज्या लेखकास दिसला नाहीं, त्यास तो तरुणच अर्धा दिसला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हरिभाऊ आपट्यांची ‘मी’ ही कादंबरी १८९३ ते १८९५ या काळांत ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. भावानंदानें स्वतःच सांगितलेली ही हकीकत आजहि मनास चटका लावते. हा मुलगा शिकतो, विचार करूं लागतो, आणि अखेर लग्न व संसार बाजूस ठेवून लोकसेवेचें व्रत घेतो. हरिभाऊंच्या पिढीपुढें असे आदर्श प्रत्यक्ष होते. आगरकरांनीं शिक्षण पुरें होत आलें असतां आपल्या आईस लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आशा तूं धरूं नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी आपला वेळ लोकहितासाठीं खर्चणार आहें, असा त्याचा आशय. या पत्राचा गौरव आपण त्यागाचा नमुना म्हणून करतों. मला तें प्रौढत्वाचाहि नमुना वाटतें. जिनें आशा धरून कष्ट सोसले तिला, ती आशा मी पुरी करणार नाहीं, हें तोंडावर सांगणें सोपें नाहीं. ज्या मुलास हें सांगतां आलें तो त्या दिवशीं खरा सज्ञान झाला. भावानंदाच्या कथेंत ध्येयाचें तेज पुरेपूर आहे. पण विद्यार्थी आणि व्रतस्थ यांच्या मधली जी पायरी, म्हणजे पोटाची काळजी, फसलेले बेत, उसने पैसे आणि पुन्हां मांडलेला डाव, तिच्यावर लेखकाची दृष्टि फार वेळ ठरत नाहीं. ध्येय सांपडलें कीं माणूस मोठा झालाच, असा वाचकाचा समज होतो.

पुढें ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) या कादंबऱ्यांनीं सुशिक्षित तरुणतरुणींच्या प्रेमकथेस अमाप लोकप्रियता मिळवून दिली. रचनेचें कौशल्य आणि भाषेचा गोडवा यांबद्दल फडक्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण त्यांच्या सुखवस्तु जगांत चहाचें, सहलीचें वा कपड्यांचें बिल कोणाच्या कपाळीं आलें, हा प्रश्न सहसा पडत नाहीं. लेखक स्वतः प्राध्यापक. फी थकली म्हणून दाराशीं घुटमळणारीं मुलें त्यांनीं पाहिलीं नसतील असें मानवत नाहीं. कलेच्या मखरांत त्यांस जागा नव्हती, इतकेंच.

ती जागा विभावरी शिरूरकरांनीं करून दिली, आणि तीहि मुलींसाठीं. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहानें त्या वेळीं केवढें वादळ उठविलें होतें हें प्रसिद्ध आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचें नांवच पुरें बोलकें आहे. मुलगी शिकते, मिळवूं लागते, आणि तिची मिळकत बापाच्या संसारांत अशी मुरते कीं तिच्या स्वतःच्या संसाराचा विषयच पुढें ढकलला जातो. आपण सामान्यतः असें समजतों कीं मिळवूं लागणें म्हणजे स्वतंत्र होणें. या लेखिकेनें १९३३ मध्येंच दाखवून दिलें कीं पगार हातीं येऊनहि माणूस पराधीन राहूं शकतें. फरक एवढाच, कीं पूर्वीं बाप देत होता, आतां बाप घेतो. निर्णय दोन्ही वेळां त्याचाच. आजहि नोकरी करणाऱ्या कित्येक मुलामुलींस ही कथा आपलीच वाटेल.

परंतु या विषयावरची मराठींतील सर्वांत निर्भीड कृति म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. ती १९६३ मध्यें प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखकाचें वय पंचविशीचें होतें. खानदेशांतल्या सांगवी गांवचा पांडुरंग सांगवीकर शिकण्यासाठीं पुण्यास येतो. तो वक्तृत्व मंडळाचा सेक्रेटरी होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, स्नेहसंमेलनांत नाटक बसवितो, गरीब मित्रास मेस चालविण्यास साह्य करतो. हीं सारीं कामें मोठ्या माणसाचीं आहेत, आणि तीं त्यानें उत्साहानें अंगावर घेतलेलीं आहेत. परिणाम काय होतो? मित्र त्याच्या भोळेपणाचा फायदा घेतात, देणें वाढतें, अभ्यास बुडतो, परीक्षा हातची जाते. बाप पैसेवाला आणि करारी. त्याचा हात आंखडूं लागतो. त्यांत धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानें जाते, आणि पांडुरंगाच्या मनाचा उरलासुरला आधारहि तुटतो. अखेर पदवीवांचून तो सांगवीस परत येऊन गांवांतल्या बेकार तरुणांत मिसळून जातो.

या कादंबरीवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पांडुरंगाची उदासीनता ही जीवनाच्या निरर्थकतेची जाणीव होय, असा अर्थ अनेक टीकाकारांनीं लावला व त्यास अस्तित्ववादाचें नांव दिलें. तो अर्थ चुकीचा आहे असें माझें म्हणणें नाहीं. मनीच्या मृत्यूनंतरचीं पानें ज्यानें वाचलीं आहेत तो असें म्हणणारहि नाहीं. माझी तक्रार इतकीच, कीं पॅरिसच्या तत्त्वज्ञांकडे पाहतां पाहतां आपण मेसच्या वहीकडे पाहावयाचें विसरलों. पांडुरंग बुडतो तो मुख्यतः कशांत? अठराव्या वर्षीं एकाएकीं हातांत आलेल्या अधिकारांत आणि पैशांत, ज्यांचा सराव त्यास घरीं कधींच मिळाला नव्हता. सांगवींत सर्व व्यवहार बापाचे. पुण्यांत सर्व व्यवहार मुलाचे. मधें एकहि पायरी नाहीं. बाप पैसे पाठवितो, रागावतो, पुन्हां पाठवितो. पण हें तुझें वर्षाचें, यांत तूं कसें बसविणार, असें बोलणें दोघांत होत नाहीं. बापास मुलाचा हिशेब हवा असतो, मुलास बापाचा विश्वास हवा असतो, आणि दोघेहि एकमेकांस नेमकें तेंच देत नाहींत. हें दुःख तत्त्वज्ञानाहून लहान आहे खरें, पण तें घरोघरचें आहे. आणि त्याच्या खरेपणावरच या कादंबरीचा पुढला सारा डोलारा उभा आहे.

आणखी एक गोष्ट या कादंबरीनें मला दाखविली, ती मात्र सांगण्यास संकोच वाटतो. पांडुरंगाच्या त्या सर्व वर्षांत आधार वाटावा असा एकहि प्राध्यापक मला आढळला नाहीं. आरंभीं मला हा लेखकाचा आकस वाटे. पुढें एके वर्षीं, दिवाळीच्या सुटीपूर्वीं, एक शेतकरी गृहस्थ मुलाची चौकशी करण्यास माझ्या खोलींत आले. मुलाचें नांव मला आठवेना. वर्ग मोठा, तासाची घंटा झालेली. “ठीक आहे, करतो अभ्यास,” असें मीं सांगून टाकलें. ते नमस्कार करून समाधानानें गेले. सायंकाळीं हजेरीपट पाहिला तों तो मुलगा दोन महिने वर्गांत आलाच नव्हता! दिवाळीनंतर तो परतला नाहीं. त्या दिवशीं घंटा झाली म्हणून मी ज्या वर्गाकडे धांवलों, तेथें मला ‘कोसला’वर व्याख्यान द्यावयाचें होतें, आणि सांगवीकराच्या एकटेपणावर तें चांगलें रंगलेंहि. तेव्हांपासून त्या लेखकास आकस होता असें म्हणण्याचा धीर मला झालेला नाहीं.

मग ही मधली पायरी कशी असते? तिचें चित्र मला कादंबरींत सांपडलें नाहीं. तें धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’ंत (१९१५) सांपडलें. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठीं घाट ओलांडून पायीं साताऱ्यास जातो, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यास परीक्षेस बसूं देत नाहींत. तेवीस वर्षांचा झाल्यावर, १८८१ मध्यें, तो मॅट्रिक होतो. मुंबईंत शिकवण्या करीत १८८४ मध्यें बी. ए. होतो. या पुस्तकांत अलंकार नाहींत, आवेश नाहीं. अपयशहि बाजारहाट सांगावी तशा स्वरांत सांगितलेलें आहे. कलाकृति म्हणून तें ‘कोसला’च्या शेजारीं बसणार नाहीं. परंतु जी गोष्ट कादंबरीकारांच्या हातून निसटली ती येथें आहे. पडलेल्या मुलास पुन्हां उठावयास वेळ मिळतो, आणि उठतांना स्वतःच्या कमाईचा थोडा थोडा भार तो स्वतः उचलूं लागतो. पुढें याच कर्व्यांनीं आपल्या मामेभावास, रघुनाथ परांजप्यास, शिक्षणासाठीं आपल्याजवळ ठेवून घेतलें. हेच रघुनाथराव १८९९ मध्यें केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले. या ठिकाणीं मला रँग्लरपदाचें तितकें महत्त्व वाटत नाहीं. ज्यास स्वतःस उशीर झाला, त्यानें दुसऱ्याचा उशीर वांचविला, ही गोष्ट मोठी आहे. आपल्या पायांवर उभा राहिलेला माणूस यावरूनच ओळखावा.

वाङ्मयानें बोध करावा, असा माझा आग्रह नाहीं. पांडुरंगास शेवटीं पास करून नोकरीस लाविला असता तर ‘कोसला’ केव्हांच विसरली गेली असती. आग्रह वाचकासंबंधीं आहे. आज मनिऑर्डरीची वाट पाहावी लागत नाहीं. बापाच्या मोबाइलवरून मुलाच्या मोबाइलवर पैसे क्षणांत जातात. पूर्वीं पैसे मागावयाचे तर पत्र लिहावें लागे, आणि पत्रांत चार ओळी खुशालीच्याहि येत. आतां रक्कम पोंचते, ओळी पोंचत नाहींत. अशा काळांत महिन्याचे पैसे महिन्यास न धाडतां सहामाहीचे एकदम मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावे, ते अपुरे पडले तर कसे पुरवावे हें त्यांसच ठरवूं द्यावें, आणि परीक्षा बुडाली तर ती बातमी सर्वांत आधीं घरीं सांगतां येईल इतकी घराची भीति कमी असावी, एवढें तरी आपणांस करतां येण्यासारखें आहे. आणि आम्हां प्राध्यापकांस निदान हजेरीपटांतलीं नांवें ओळखतां येण्यासारखीं आहेत.

घरांतलें कोणी यंदा महाविद्यालयांत जाणार असेल, तर ‘कोसला’ आणि ‘आत्मवृत्त’ हीं दोन पुस्तकें घरांत आणावीं. मुलानें पहिलें वाचावें, बापानें दुसरें, असें मी पूर्वीं म्हटलें असतें. आतां मला उलट वाटतें. ‘कोसला’ बापानें वाचावी. ती मुख्यतः त्याच्यासाठीं लिहिलेली आहे.