मंडळी आणि जमात : ख्रिस्ती राजकीय सहभागाच्या विचाराची एक चिकित्सा

ख्रिस्ती माणसाने राजकारणात सक्रिय भाग घ्यावा काय, मत द्यावे काय, निवडणुकीस उभे राहावे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. त्याची उत्तरे बहुधा शास्त्रवचनांच्या आधारे दिली जातात आणि चर्चा तेथेच थांबते. परंतु ही वचने कोणत्या राजकीय स्थितीतील माणसांना उद्देशून लिहिली गेली, आणि उत्तर देणारा स्वतः समाजात कोठे उभा आहे, या दोन गोष्टी दृष्टीआड झाल्या की कोणतेही उत्तर अपुरे राहते. भारतातील १९३० ते १९५० या दोन दशकांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

(१)

प्रथम वचनांचा विचार करणे इष्ट होईल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्याधिकार हा ईश्वराने नेमलेला मानतो व त्याच्या अधीन राहण्यास सांगतो. प्रकटीकरणाच्या तेराव्याच अध्यायात मात्र राज्यसत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपाने दिसते. या दोन अध्यायांच्या ताणातून पुढील परंपरा निर्माण झाल्या. लूथर व कॅल्व्हिन यांनी राज्याधिकाऱ्याचे पद हेही सेवेचे पद मानले. उलट, १५२७ साली श्लाइटहाइम येथे सिद्ध झालेल्या ॲनाबॅप्टिस्ट निवेदनाने दंडसत्तेचे पद ख्रिस्तानुयायाने स्वीकारू नये असा निर्णय दिला.

या दोन्ही पक्षांचे एक गृहीतकृत्य समान आहे. सत्ता एकीकडे व प्रजा दुसरीकडे, अशी विभागणी त्यांना अभिप्रेत आहे. पौलाच्या वाचकांना मताधिकार नव्हता. कर द्यावा की नाही, आज्ञा पाळावी की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रौढ मतदानाच्या राज्यात ही विभागणी मोडते. मतदार हा प्रजाजन असतो आणि त्याच वेळी सत्तेचा एक उगमही असतो. त्यामुळे पौलाने अधिकाऱ्याच्या अंगी कल्पिलेले कर्तव्य, म्हणजे चांगल्याचे रक्षण व वाईटाचे निवारण, काही अंशी त्याच्याही अंगावर येते. मत न देणे हीदेखील येथे परिणाम घडविणारी कृती ठरते. अलिप्ततावाद्यांचा पक्ष येथे दुर्बळ होतो. तथापि, सत्तेच्या सहवासात धर्मसाक्ष मलिन होते ही त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही. सहभाग घ्यावयाचा तो कोणत्या नात्याने, हा प्रश्न तिच्यातूनच निघतो; आणि भारतात खरा वाद झाला तो याच प्रश्नावर.

(२)

या वादाचे मर्म मराठी शब्दांतून चांगले उकलते. मराठी ख्रिस्ती लोक उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. जन्म, विवाहसंबंध व रूढी यांनी बांधलेल्या समूहाला ‘ख्रिस्ती समाज’ म्हटले जाते. तोच समूह राजकीय हक्काचा दावेदार म्हणून उभा राहिला की तो ‘जमात’ होतो, आणि या शब्दावरूनच ‘जमातवाद’ ही निंदाव्यंजक संज्ञा सिद्ध झाली आहे. माणसे तीच असली तरी त्यांच्याकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी भिन्न आहेत.

पहिल्या गोलमेज परिषदेत (१९३०-३१) के. टी. पॉल यांनी आणि दुसऱ्या परिषदेत (१९३१) एस. के. दत्त यांनी भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी विभक्त मतदारसंघ मागण्यास विरोध केला. याउलट ए. टी. पन्नीरसेल्वम् यांनी १९३१ साली अल्पसंख्यांच्या करारावर सही केली. त्याच करारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीही सही होती. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ख्रिस्ती लोकांना विभक्त मतदारसंघ दिले. दोर्णकलचे बिशप व्ही. एस. अझरय्या यांनी या व्यवस्थेला विरोध केला. त्यांची भूमिका धर्मशास्त्रीय होती. मंडळी ही अनेक जाती, भाषा व वर्ग यांतून आलेल्या लोकांची बनते. तिला हितसंबंधांची एक जमात ठरविणे म्हणजे तिचे स्वरूपच बदलणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

या विचाराचा शेवट घटना परिषदेत झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये संयुक्त मतदारसंघांचे तत्त्व स्वीकारताना केंद्रीय विधिमंडळात, तसेच मद्रास व मुंबई या प्रांतांच्या विधिमंडळांत, भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा ठेवण्याचे ठरले होते. मे १९४९ मध्ये घटना परिषदेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी यांनी, स्वतः ख्रिस्ती असून, धार्मिक अल्पसंख्यांच्या राखीव जागा रद्द करण्याचा पुरस्कार केला, आणि फादर जेरोम डिसूझा यांनी त्यास पाठिंबा दिला. अँग्लो-इंडियन समाजाला मात्र नामनिर्देशनाची सवलत मिळाली; ती जानेवारी २०२० पर्यंत टिकली.

(३)

हा त्याग उदात्त होता, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे. मिळालेली सत्ता स्वेच्छेने सोडणारे समूह इतिहासात विरळ आहेत. मात्र या त्यागाचे मूल्यमापन करताना ती किंमत कोणी दिली हेही विचारावे लागते, आणि प्रचलित विवेचनात नेमका हाच प्रश्न गाळला जातो.

१९३६ च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने कोणत्याही भारतीय ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीत गणले जाणार नाही असे ठरविले होते. स्वतंत्र भारतातील १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही मर्यादा वेगळ्या शब्दांत पुढे चालविली. अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती म्हणून असलेल्या जागा १९४९ मध्ये गेल्या, आणि दलित म्हणून मिळू शकणाऱ्या जागा, शिक्षणातील सवलती व नोकऱ्या १९५० मध्ये दुरावल्या. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही जातीची दुःस्थिती तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे सिद्ध व्हावयास हवे, असे सांगून अर्ज फेटाळला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील लोकांची संख्या मोठी होती. या भागातील दलित ख्रिस्ती मतदार अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघात मत देऊ शकतो. तेथे उमेदवार म्हणून मात्र उभा राहू शकत नाही. शेजारचा, कित्येकदा भाऊबंद असलेला, हिंदू वा बौद्ध दलित उभा राहू शकतो. सहभागाचे कर्तव्य त्याला उपदेशिले जाते आणि सहभागाचे अर्धे दार बंद असते.

पॉल, अझरय्या व मुखर्जी मंडळीच्या नावाने बोलत होते. मंडळीत जात नसते, हे त्यांच्या युक्तिवादाचे अधिष्ठान होते. समाजात मात्र ती होती. विहिरीवर, वस्तीत, सोयरिकीत आणि काही ठिकाणी दफनभूमीतही ती उरली होती. मंडळीविषयीचे आदर्श विधान समाजाविषयीचे वस्तुस्थितिदर्शक विधान म्हणून वापरले गेले, हा या विचारातील मूळ दोष होय. यावर असा प्रतिवाद संभवतो की, ख्रिस्ती राखीव जागा टिकल्या असत्या तरी त्या शिक्षित व सधन ख्रिस्ती घराण्यांकडेच गेल्या असत्या. हा प्रतिवाद बराचसा ग्राह्य आहे. म्हणूनच १९४९ चा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे युक्त होणार नाही. चूक झाली ती तो निर्णय घेताना मंडळीतील दुर्बळांच्या संरक्षणाचा प्रश्न सुटला असे मानण्यात.

(४)

ख्रिस्ती माणसाने राजकारणात उतरावे काय, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या विवेचनावरून होकारार्थीच येते. कारण लोकशाहीत अलिप्तता हा सत्तेपासून मुक्त होण्याचा मार्ग राहिलेला नाही. जमात म्हणून उतरू नये, ही अझरय्यांची मर्यादाही स्वीकारण्यासारखी आहे. तिला एक पुरवणी मात्र जोडावी लागते. जो आपल्या समूहाचा हक्क सोडतो, त्याने त्या समूहात सर्वांत खाली कोण आहे हे आधी पाहिले पाहिजे. नागरिक या नात्याने घेतलेला सहभाग खरा की केवळ शाब्दिक, हे ठरविताना राखीव मतदारसंघाच्या मतपेटीशी उभ्या असलेल्या त्या अर्ध्या नागरिकाची साक्ष निर्णायक मानावी लागेल.