गाथेचे पाठ आणि आवृत्ती-नियंत्रणातील दिनांक : एक चिकित्सा

मावळातील सुदुंबरे हे संत संताजी महाराज जगनाडे यांचे समाधिस्थान. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे टाळकरी म्हणून वारकरी परंपरा त्यांना ओळखते. संताजींच्या नावाने चालत आलेल्या वह्या आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली १८६९ व १८७३ साली दोन खंडांत छापलेली गाथा यांचे पाठ सर्वत्र जुळत नाहीत. असे पाठभेद संगणकावर नोंदविण्यास गिटसारखी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली सोयीची वाटते. तथापि तिची दिनांकपद्धती तपासल्याविना तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

लिनस टॉरवाल्ड्झ यांनी २००५ साली सिद्ध केलेल्या गिटमध्ये प्रत्येक नोंदीस दोन दिनांक असतात : बदल मुळात केल्याचा आणि तो संग्रहात दाखल केल्याचा. रचनाकाळ व लेखनकाळ वेगळे मानणाऱ्या पाठचिकित्सेस हा विवेक जवळचा आहे. मात्र हे दोन्ही दिनांक संगणकावरील कामाचे आहेत. अभंगाचे वा वहीचे नव्हेत. शिवाय गिट काळ मोजते ते १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. सतराव्या शतकास त्या मोजणीत स्थान नाही.

दिनांक लिहिण्याच्या रीतींतही सावधपणा हवा. आयएसओ ८६०१ ची वर्ष-महिना-दिवस ही रीत निःसंदिग्ध आहे. तिरप्या रेघांनी लिहिल्यास मात्र महिना आधी धरला जातो. ०५/०६/२००८ म्हणजे आपल्याकडे ५ जून, तर गिटच्या लेखी ६ मे.

खरी अडचण शके व तिथीची आहे. तुकोबांच्या प्रयाणाची तिथी फाल्गुन वद्य द्वितीया होय. वर्ष शके १५७१ मानून यांत्रिकपणे ७८ मिळविल्यास १६४९ येते. परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना; म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात आणि मार्च १६५० हा काळ निघतो. शके १५७१ चे संवत्सर विरोधी. संवत्सराचे नाव जपले तर वर्षाचा पडताळा घेता येतो. केवळ इसवी दिनांक ठेवल्यास हा पुरावाच नष्ट होतो.

सारांश, हस्तलिखितातील शक, संवत्सर, मास, पक्ष व तिथी जशीच्या तशी पाठासोबत लिहावी, शेजारी आयएसओ रीतीने रूपांतर व त्याचे कारण द्यावे. गिटचा दिनांक संपादकाच्या कामाचा साक्षीदार आहे. त्याला संताजींच्या वहीचा साक्षीदार मानू नये.